पाच गुणांची भाषा

चाळिशी ओलांडली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. शिक्षण कचेरीतल्या सहा नंबरच्या खिडकीसमोर उभी राहिली की तिचं तिलाही ते पटायचं. दीड वर्षात या कचेरीचे उंबरठे तिनं पुरते झिजवले होते. परदेशात नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं, हे ऐकून खिडकीतल्या कारकुनाचे डोळे पहिल्यांदा चमकले होते खरे. पण सरकारी शाळेत शिकवायचं तर सरकारचंच प्रमाणपत्र लागतं. लेखी परीक्षा, वीस सराव पाठ, प्रत्येक पाठाचं टाचण, अनुभवाचं पत्र, तब्येतीचा दाखला आणि शेवटी तोंडी. धाकटीनं सगळं निमूटपणे केलं. आपल्याहून वीस वर्षांनी लहान पोरींच्या शेजारी बसून फळ्यावर सरळ ओळीत कसं लिहायचं, तेसुद्धा नव्यानं शिकून घेतलं.

"तीन गुण कमी पडतायत हो ताई," कारकून म्हणाला. "तोंडीला चांगले मिळतील असं धरूनसुद्धा तीन कमी. आणि वयाची अट बघितलीत ना? यंदा नाही तर मग नाहीच."

"काही करता येणार नाही?"

"मी कोण करणारा! पण हे काय लिहून ठेवलंयत?" त्यानं तिचा अर्ज उलटा फिरवून एका रकान्यावर बोट ठेवलं. इंग्रजी सोडून दुसरी परकी भाषा येते का? हल्ली शाळांत बाहेरून आलेली मुलं फार, म्हणून हा नवा रकाना निघाला होता. येत असेल तर तोंडीत दोन मिनिटं बोलून दाखवायचं, पाच गुण. धाकटीनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'.

"नऊ वर्षं राहिलात तिथं," कारकून हसत म्हणाला. "भाजी काय खुणेनं घेत होतात?"

मागच्या रांगेतले दोघंतिघं हसले. धाकटीही हसली.

"शुक्रवारपर्यंत दुरुस्ती चालते. येत असेल तर लिहा ना बाई. फुकटचे गुण कशाला सोडता?"

फुकटचे! त्या बिचाऱ्याचा काय दोष? धाकटी अर्ज परत घेऊन बाहेर पडली आणि चालत घरी आली.

त्या नऊ वर्षांची गोष्ट अशी. धाकटी शिकवायची तो क्लास चपलांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होता. दुपारी तीन ते पाच, सात ते दहा वर्षांची मुलं. क्लासच्या मालकीणबाईंचा एकच नियम होता आणि त्या नियमावरच क्लास चालत होता: बाईंना मुलांच्या भाषेतलं एक अक्षरही कळता कामा नये. बाईंना कळत नाही म्हटल्यावर मुलं झक मारत इंग्रजी बोलतील, असा हिशेब. दर महिन्याला नवे पालक यायचे, वर्गाच्या काचेच्या दारातून आत बघायचे, आणि मालकीणबाई अभिमानानं सांगायच्या, "आमच्या टीचरना तुमचा एक शब्द कळत नाही!"

पहिली दोन वर्षं ते खरंच होतं. तिसऱ्या वर्षापासून ते नाटक झालं. माणूस एका गावात राहतो, दुकानात जातो, जिन्यात शेजारणीची भांडणं ऐकतो, तर भाषा कानातून आत शिरणारच. तिला काय कान उपटून ठेवायचे होते? पण पोटापाण्याचा प्रश्न होता. धाकटी रस्त्यावर त्या भाषेत मोडकंतोडकं बोलायची, आणि जिना चढली की कानावर हात ठेवायची. मुलं तिच्यादेखत तिच्या नाकाबद्दल, चपलांबद्दल, तिच्या लग्न न होण्याबद्दल बिनधास्त चर्चा करायची, आणि ती ठोकळ्यासारखी उभी राहून म्हणायची, "इन इंग्लिश, प्लीज!"

एकदाच ती फसली. एका पोरानं मालकीणबाईंच्या चालण्याची अशी नक्कल केली आणि वर असं काही बोलला की धाकटीला हसू फुटलं. लगेच तिनं खोकल्याचं सोंग केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते फक्त शेवटच्या बाकावरच्या पोरीच्या. आठ वर्षांची होती. लिहिलेलं पुन्हा पुन्हा खोडायची म्हणून मुलं तिला खोडरबर म्हणायची. तिनं धाकटीकडे टक लावून पाहिलं आणि हळूच स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. सांगणार नाही, म्हणून.

आणि पोरगी शब्दाला जागली. तिची आई कामावरून सहाला यायची, तोवर ती एकटी वर्गात थांबायची. धाकटी फळा पुसायची, चित्रांचे पत्ते लावून ठेवायची, आणि खोडरबर आपल्या भाषेत बोलत राहायची. आईबाबा वेगळे झालेत. बाबा नदीपलीकडे गोदामात कामाला आहेत. आई रात्री रडते आणि सकाळी रागावते. धाकटी काहीच बोलायची नाही; पण पत्ते लावायला मुद्दाम वेळ लावायची. तिला ती पोर आवडायची. त्या परक्या गावात तिच्याशी मनातलं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

मग तो दिवस आला. हिवाळ्यातला होता. वर्ग सुटला होता, आणि काचेच्या दाराबाहेर मालकीणबाई दोन नव्या पालकांना घेऊन उभ्या होत्या. धाकटीचं कंत्राट पुढं चालू ठेवायचं की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. खोडरबरनं लाल जाकीट घातलं, दप्तर पाठीला लावलं, आणि टेबलाशी येऊन आपल्या भाषेत म्हणाली, "आज मी आईसाठी थांबणार नाही. पुलावरून चालत बाबांकडे जाणार आहे. पूल ओलांडायला किती वेळ लागतो?"

प्रश्न विचारून ती उभी राहिली. उत्तराची वाट बघत.

धाकटीनं काचेकडे पाहिलं. मालकीणबाई हसत होत्या, पालक माना डोलवत होते.

"इन इंग्लिश, प्लीज," धाकटी म्हणाली.

पोरीला एवढं इंग्रजी कुठून येणार? तिनं थोडा विचार केला. दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवून एकदा वळून पाहिलं. मग म्हणाली, "बाय-बाय, टीचर."

"व्हेरी गुड!" धाकटी म्हणाली.

तिला वाटलं, मुलांचं बोलणं ते; फार तर जिन्यातल्या बाकावर जाऊन आईची वाट बघत बसेल. तिनं फळा पुसला. सहाला पोरीची आई आली. बाक रिकामं. मालकीणबाईंनी आईचं म्हणणं इंग्रजीत करून विचारलं, "तुम्हाला काही बोलली का ती?" आणि सहा वर्षांच्या सवयीनं धाकटीची मान नकारार्थी हलली. आई थेट तिच्याशीच, तिच्या भाषेत, हात धरून बोलत होती आणि धाकटी तिच्याकडे न कळल्यासारखी बघत होती. मग धाकटी जिना उतरून पुलाकडे पळत सुटली. पोचली तेव्हा तिथं आधीच गर्दी जमली होती. गाडीवाला थांबलाही नव्हता. माणसांच्या पायांमधून तिला लाल जाकीट दिसलं.

पुढं तिला कुणी काही विचारलं नाही. जिला भाषाच येत नाही तिला काय विचारणार? कंत्राट चालू राहिलं. आणखी तीन वर्षं ती तिथं राहिली, आणि वर्गात एकाही पोराकडे तिला सरळ बघवलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी ती त्या पुलावरून चालली, लहान मुलाच्या पावलांनी, घड्याळ लावून. चाळीस मिनिटं लागली.

अनुभवाच्या पत्रात मालकीणबाईंनी मनापासून लिहिलं होतं, 'नऊ वर्षांत या बाईंनी मुलांच्या भाषेतला एकही शब्द वर्गात उच्चारला नाही.' निवड समितीला ते वाक्य फार आवडलं होतं म्हणे.

घरी आई दारातच होती. आईनं तीस वर्षं सरकारी शाळेत शिपाईण म्हणून काढली. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, सुट्टीनंतर फाटक लावायचं. आपली एक तरी पोरगी त्या फाटकातून बाई होऊन आत जावी, हा तिचा एकच ध्यास. थोरलीनं शिवणकाम धरलं, दादा वाहनचालक झाला. सगळी भिस्त धाकटीवर.

"काय म्हणाला तुझा खिडकीवाला?"

"तीन कमी आहेत. ती भाषा येत असती तर भागलं असतं."

"मग येते की तुला."

"नाही येत, आई."

"मला शिकवू नकोस. दुपारी जरा लवंडलीस की बडबडतेस ती कुठली मग? आपली नाही, एवढं मला कळतं. इंग्रजीही नाही, इंग्रजी तू शांतपणे बोलतेस." आईनं चहाचा कप पुढं सरकवला. "काय लपवतेयस गं? तिथं कोण होतं का तुझं?"

धाकटीला वाटलं, सांगून टाकावं, सगळं, आत्ताच. तिनं तोंड उघडलं. पण आई आपल्याच नादात होती.

"हे बघ, बाई होणं काही अवघड नसतं. मी शिपाईण, पण एक सांगते. सुट्टी झाली की मी फाटकाशी पोरं मोजायचे. एक जरी कमी असलं ना, तरी फाटक लावायचे नाही. मोठ्या बाई ओरडायच्या, घरी जायचंय म्हणून. ओरडू देत! आधी पोर, मग फाटक." आई हसली. "तीस वर्षांत एक हरवलं नाही माझं."

धाकटी चहा प्यायली. चहा कडू होता की गोड, तिला कळलं नाही.

हे प्रमाणपत्र तिला आईसाठी हवं होतं, हे तर खरंच. पण त्याहून जास्त तिला ते स्वतःसाठी हवं होतं. पोरानं आपल्या भाषेत काही सांगावं आणि बाईंनी त्याच भाषेत विचारावं, काय झालं रे, अशा वर्गात तिला उभं राहायचं होतं. त्यावाचून आता जगता येईल असं तिला वाटत नव्हतं. आणि तिथं पोचायचं तर आधी कबूल करायचं होतं, की मला कळत होतं.

शुक्रवारी तिनं 'नाही' खोडलं आणि 'होय' लिहिलं.

तोंडी परीक्षेच्या खोलीत तिघं बसले होते: अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक पेन चावणारे गृहस्थ, आणि एक तरुण अधिकारी, ज्याला जेवायची घाई होती. शिकवण्याबद्दलचे प्रश्न नीट झाले. मग अध्यक्षबाईंनी कागद पाहिला.

"परकी भाषा. हं. आता बघा, आमच्यात ही भाषा कुणालाच येत नाही," त्या मोकळेपणानं म्हणाल्या. "पण नियम आहे. दोन मिनिटं बोला काहीही. आम्ही ओघ बघतो."

धाकटीनं 'माझी शाळा' पाठ करून ठेवली होती. ती उठून उभी राहिली. समोर भिंत, भिंतीशी रिकामं बाक. तिनं तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते वेगळंच.

त्या भाषेत ती म्हणाली, "चाळीस मिनिटं लागतात, बाळा. जाऊ नकोस. अंधार पडतोय, पुलावर चालायला जागा नाही. जाकीट काढ आणि बस माझ्यापाशी. आई येईल सहाला. मी सांगेन तिला, तुला बाबांची आठवण येते म्हणून. मला कळतं सगळं. तुला माहीत होतं मला कळतं ते. म्हणून तर मला विचारलंस. दुसऱ्या कुणाला नाही, मला विचारलंस, आणि मी काचेकडे बघितलं."

ती बोलत राहिली. इतकी वर्षं कुलूप लावलेल्या तोंडातून ती भाषा धो-धो आली, कुठं अडली नाही. पोरीच्या आईची तिनं माफी मागितली. नावानं मागितली. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

अध्यक्षबाई कौतुकानं ऐकत होत्या. दोन मिनिटं झाल्यावर त्यांनी हळूच टेबलावर टिचकी मारली.

"व्हेरी गुड!"

धाकटी थांबली.

"अहो, काय ओघ आहे! आणि भाव किती!" पेनवाले गृहस्थ म्हणाले. "कविता होती का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "मी सांगते काय म्हणाले ते. मला सांगायचंय. तिथं एक मुलगी..."

"अर्थ राहू द्या हो, तो कुठं तपासायचाय?" तरुण अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. "पाचपैकी पाच. पुढच्यांना पाठवा."

दार उघडलं, पुढची उमेदवार आत आली, आणि धाकटीला बाहेर पडावं लागलं.

जिन्यापाशी एक बाक होतं. ती त्यावर बसली. खिडकीतला कारकून शिक्क्याचा कागद घेऊन स्वतः चालत आला. "बघा, म्हटलं नव्हतं मी? दोन गुण जास्तीच झाले!" तिचे डोळे बघून तो मायेनं म्हणाला, "रडा, रडा. पास झाल्यावर सगळ्याच रडतात."

फोन वाजला. आई होती.

"झालीस का गं पास?"

"झाले."

पलीकडे आई रडायलाच लागली, हसता हसता. दादाला हाक मारली, शेजारणीला सांगितलं. मग विचारलं, "घरी ये आधी. मी थांबलेय जेवायची. किती वेळ लागेल गं यायला?"

धाकटीनं जिन्याकडे पाहिलं. कडीवर हात ठेवून ती लाल जाकीटवाली वळून बघत होती, अजून.

"अगं, किती वेळ लागेल विचारलं. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," धाकटी म्हणाली. "ऐकतेय मी, आई. मला सगळं कळतंय."