भिंतीत चिणलेली हातोडी

मित्रांनो, मी ऑलिव्हच्या लाकडाची एक जुनी हातोडी आहे. खिळे मी कधी ठोकले नाहीत. इटलीतल्या लिव्होर्नो गावात फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघाची सभा भरे, तिथे अध्यक्ष ऑरेस्ते पूर्वेला बसून मला तीनदा आपटत. मग पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून दोन बंधू तसेच तीन-तीन ठोके देत. हे उत्तर आल्याखेरीज सभा सुरू होत नसे. मग वकील आणि हमाल हातात हात गुंफून उभे राहत. माणूस म्हणजे ओबडधोबड दगड, त्याने स्वतःला घडवावं, असं तिथे शिकवत. सुरुवात माझ्यापासून होई, म्हणून मी जरा शेफारलेही होते.

पुढे काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांचं राज्य आलं. सभेवर बंदी आली, आमच्या खुर्च्या भर रस्त्यात जाळल्या. तेव्हा ऑरेस्ते, घड्याळजी ग्वाल्तिएरो आणि गवंडी नेल्लो या तिघांनी मला नेल्लोच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीत चिणलं. "तिघं एकत्र येऊ तेव्हाच भिंत फोडायची, तोवर कुणाला सांगायचं नाही," अशी शपथ झाली. शेवटची वीट बसली आणि माझा उजेड गेला.

आत हलायला जागा नव्हती. बाहेरचं सगळं मात्र ऐकू येई. नेल्लोच्या मुलीचं, आर्जियाचं, पहिलं रडणं मी ऐकलं, पुढे बॉम्बही ऐकले. दर रविवारी नेल्लो भिंतीवर बोटांनी तीन ठोके देई आणि थांबे. मला उत्तर देता येत नसे. फार जीव गुदमरे.

युद्ध संपलं, बंदी उठली. मला वाटलं, सुटले! पण ऑरेस्ते तुरुंगाच्या बेटावर वारले होते आणि ग्वाल्तिएरोही परदेशात मरण पावला होता. तिघं म्हणजे तिघं, असं म्हणून नेल्लो छिन्नी खाली ठेवी. मला त्याचा संताप येई. गवंडी असून याला एक भिंत फोडता येईना!

मग नेल्लोने अंथरूण धरलं. त्याची खाट स्वयंपाकघरातच हलवली. एका रविवारी त्याने आर्जियाला भिंतीवर ठोके द्यायला सांगितले.

"बाबा, ही तर पोकळ आहे! काय दडवलंय?"

"सांगता येत नाही, पोरी. शपथ आहे."

"आईलाही नाही सांगितलंत. बिचारीला वाटायचं, दुसऱ्या बाईची पत्रं असतील!"

"शपथ म्हणजे शपथ."

"तुमच्या सभेत बायकांना घेत होतात?"

"छे!"

"मग मला कसली शपथ?" असं म्हणून तिने त्याचीच छिन्नी उचलली.

उजेड आत आला. आर्जियाने मला त्याच्या हातात दिलं. त्याने खाटेवर तीन ठोके दिले आणि तो वाट पाहू लागला.

"आता काय, बाबा?"

"पश्चिमेकडून उत्तर यायचं. मग दक्षिणेकडून. पण ते दोघे आता नाहीत गं."

आर्जियाने लाकडी डाव घेतला. पश्चिमेच्या खिडकीवर तीन ठोके दिले, मग दक्षिणेच्या दारावर तीन. नेल्लो लहान मुलासारखा रडला.

"सभा सुरू झाली," तो म्हणाला.

मित्रांनो, जपायचं म्हणून काही भिंतीत चिणू नका. आणि कुणी ठोके दिले, तर उत्तर द्या. मला सव्वीस वर्षं ते देता आलं नव्हतं.