काळी बाजू खाली

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात बाबा जिथे मुक्काम करत, तिथे चुलीची खूण कधी मागे ठेवत नसत. निघताना राख लांब उधळायची, चुलीचे दगड काळी बाजू खाली करून जागच्या जागी ठेवायचे आणि वर हिकरीच्या झाडांची पानं पसरायची. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं शेवटचे इथे राहिलो. मार्चमध्ये बाबा गेले. त्यांचं इथे काहीतरी सापडावं म्हणून मी ऑर्विलकाकांना घेऊन आले आणि सकाळपासून ओकच्या झाडांखालचे दगड उलटत बसले.

"तुझा बाप जंगलात चोरासारखा राहायचा, नेल," काका म्हणाले. "शिकारी कुत्र्यालाही त्याचा माग लागला नसता. ऊठ आता, गुडघे धरतील."

"तुमचे धरतील. मला अजून चाळिशी लागायचीय."

दुपारी एक चपटा दगड खालून काळा निघाला. माझ्या बोटाला काजळी लागली. काकांनी टोपी काढली.

"पिशवीत टाक. घरी नेऊ."

"नको. बाबा रागावतील."

मी तो होता तसाच ठेवला आणि वर पानं पसरली. दोन पावलं मागे सरले, तर त्या दगडांतला तो कोणता, हे मलाच सांगता येईना.