ओसाका आणि कोबेची कॅसेट

मी एक कॅसेट बोलतेय. काडेपेटीहून थोडी मोठी, हॅन्डीकॅमची. अमेरिकेतल्या एडिसन गावी एका घरात, टीव्हीखालच्या खणात राहते. खण उघडला की माझा थरकाप होतो. माझ्या जातीला मोडण्याचं भय नसतं, पुसलं जाण्याचं असतं.

मला भरलं परीक्षितने. नागपूरचा इंजिनिअर, नोकरीसाठी ओसाकाला आलेला. दोन हजार तीनच्या वसंतात तो भाड्याचं घर शोधत होता. ओसाका की शेजारचं कोबे, ठरत नव्हतं. म्हणून त्याने दोन्ही शहरं माझ्यात भरली आणि मला बहिणीकडे, शोभनाकडे, धाडलं.

आधी ओसाकाची रात्र. कालव्याच्या पाण्यात हलणाऱ्या लाल-निळ्या पाट्या, उभ्याउभ्याच खाणारी माणसं. "ताई, हे बघ! दिवसभर मान वर न करणारा आमचा साहेब टाय डोक्याला बांधून गातोय. इथे झोपणार कोण?"

मग कोबे. पाठीशी हिरवा डोंगर, पायाशी बंदर. "सीनरी एक नंबर. पण अंधार पडला की सगळं सामसूम, यार. सोबतीला फक्त रानडुकरं. तूच ठरव."

शोभनाने मला एकटीने पाहिलं. तिचा नवरा राजेश तेव्हा कामासाठी टेक्सासला होता. "विचार करून सांगते," ती फोनवर भावाला म्हणाली.

ते सांगणं राहूनच गेलं. त्याच वर्षी हिवाळ्यात परीक्षित मेंदूज्वराने गेला. तिने मला खणात ठेवलं. त्याचा आवाज ऐकायला ती घाबरायची आणि तिच्या घाबरण्याला मी.

माझ्यावर नाव होतं, पण ते परीक्षितने हौसेने जपानीत लिहिलेलं. नवी शिकलेली अक्षरं त्याला ताईला दाखवायची होती.

दोन हजार सहाच्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात शोभना-राजेशच्या मुलीचा, निधीचा, नाच होता. राजेशने घाईत मला उचललं. "कोरीच दिसतेय. कंपनीचं काहीतरी छापलंय."

कॅमेऱ्याचं झाकण मिटलं. लाल दिवा लागला. ओरडावं तर मला स्वतःचा आवाज नाही. आहे तो परीक्षितचा. एक पाटी विझली, मग दुसरी. साहेबाचं गाणं गेलं. निधीच्या घुंगरांखाली अख्खं ओसाका बुजलं.

तेवढ्यात शोभनाला खुर्चीवर माझी रिकामी डबी दिसली. "राजेश, थांबव! थांबव ते!"

घरी आल्यावर राजेश हळूच म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं गं."

"लाव. काय उरलंय बघू दे."

पडद्यावर निधी नाचली. मग शोभनाचीच किंकाळी आली. निळे चौकोन थरथरले आणि डोंगरावरून परीक्षित म्हणाला, "ताई, ऐकतेस ना? हे कोबे."

"इज दॅट मामा?" निधीने विचारलं.

शोभनाने मान डोलावली. मग पडद्याकडे बघून म्हणाली, "ऐकतेय रे. कोबेच घे."

त्या दिवशी तिने माझ्या कडेचा छोटा खटका सरकवला. आता माझ्यावर कुणाला काही भरता येत नाही.

तरी भीती सरलेली नाही. आता दोन हजार आठ उजाडलंय. मला आत घेताना कॅमेरा कण्हतो आणि नवे कॅमेरे माझ्याकडे बघतही नाहीत. नागपूरला असलेल्या परीक्षितच्या आईने तर मला एकदाही पाहिलेलं नाही. तिथल्या यंत्रांची पद्धत वेगळी, त्यांत मी चालत नाही.

म्हणून विनवते, या कॅमेऱ्यात धुगधुगी आहे तोवर माझी नक्कल करून घ्या. परीक्षितचा शब्द न् शब्द मला पाठ आहे, पण तोंड त्या कॅमेऱ्याचं आहे.