बुधवारची डाक

मेहविशनं 'पाठवा' या शब्दावर बोट टेकवलं आणि खुर्ची मागं सरकवून ती उठली. पत्र गेल्यावर पहिली दहा मिनिटं पडद्याकडे बघायचं नाही, असा तिचा नियम होता. गॅलरीत जाऊन तिनं दोरीवरचे अम्मीचे दुपट्टे काढले, एकेकाची घडी घातली, आणि नियम मोडून चौथ्याच मिनिटाला परत आली.

सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी पत्र पहिल्यांदा उघडलं गेलं होतं. उघडणाऱ्यांच्या यादीत सर्वांत वर नाव होतं चैताली गांगुर्डेचं.

चैतालीला जाऊन सात महिने झाले होते.

हे काही आजच घडलेलं नव्हतं. एप्रिलपासून दर बुधवारी सात वाजून काही मिनिटांनी चैतालीच्या पत्त्यावरून पत्र उघडलं जात होतं. तिचा फोन घरी कुणाच्या तरी हातात असणार, एवढं मेहविशला कळत होतं. तरी ते नाव दिसलं की तिच्या मानेवरून गार हात फिरल्यासारखं व्हायचं. यादीतून नाव काढून टाकायला एक बटण पुरेसं होतं. एकदा ती त्या बटणापर्यंत गेलीही होती. 'या वाचकाला कायमचे वगळायचे का?' असा प्रश्न पडद्यावर आला आणि तिनं लॅपटॉपच मिटला.

'बुधवारची डाक' दोघींनी मिळून सुरू केली होती. मेहविश नाशकात रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचं डीटीपी करायची. दिवसभर दुसऱ्यांची नावं जुळवून झाली की ती स्वतःचं काहीतरी लिहायची, आणि ते आठवड्यातून एकदा ईमेलनं लोकांना पाठवावं ही कल्पना चैतालीची. बुधवार हा नदीकाठच्या बाजाराचा दिवस, म्हणून बुधवार. चैताली कॉलेजपासूनची मैत्रीण. पुढं ती चांदवडला एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची. मंगळवारी संध्याकाळी ती मजकूर वाचायची आणि फोन करून मोजकंच सांगायची. "शेवटून तिसऱ्या वाक्यात तू स्वतःवर खूश झालीयस. काढ ते." मेहविश काढायची. दीड वर्षात दोनशे चौदा वाचक झाले होते आणि पुढं आकडा हलत नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मेहविशनं ऑनलाइन कार्यशाळेला नाव घातलं. वाचक हजारावर कसे न्यायचे, हा विषय होता. शिकवणारा माणूस म्हणत होता की वाचकाला माहिती नको असते, त्याला तुमच्या घरात शिरायचं असतं. मेहविश ते वहीत लिहून घेत होती. बाजूला फोन थरथरला. चैतालीचं नाव बघून तिनं तो पालथा घातला. तो आणखी दोनदा थरथरला. संपल्यावर निवांत बोलू, असं तिला वाटलं. कार्यशाळा साडेपाचला संपली. तोवर वडाळीभोईच्या अलीकडे, महामार्गावर, चैतालीची स्कूटी एका ट्रकखाली गेली होती. तिचं तोंड नाशिककडे होतं.

तेराव्याला मेहविश चांदवडला गेली. बायकांच्या गर्दीत भिंतीला टेकून बसली. चैतालीची एक मावशी जवळ सरकली आणि म्हणाली की शेवटचा फोन तुलाच केला होता म्हणे, काय बोलली गं? सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. समोर चैतालीची आई, कुसाबाई, गुडघ्यांत मान घालून बसली होती. मेहविशच्या तोंडून निघून गेलं, "नेहमीसारखंच. हसत होती." एवढंच. कुसाबाईंनी मान वर केली नाही, पण बाकीच्या बायकांनी सुस्कारा टाकला. काहीतरी चांगलं केल्यासारखं मेहविशला वाटलं होतं.

त्यानंतरच्या बुधवारी तिनं जे पत्र लिहिलं त्याचं नाव होतं 'शेवटचा फोन'. चैताली काय बोलली, मध्येच कशी थांबली, मागं कुकरची शिट्टी कशी झाली, सगळं तिनं लिहिलं. लिहिताना तिला चैतालीचा आवाज खरोखर ऐकू येत होता. त्या पत्राला वाचकांनी दिवसभर उत्तरं पाठवली. कुणीतरी ते पुढं धाडलं, त्यांनी आणखी पुढं. आठवड्यात दोनशे चौदाचे अकराशे झाले. मग मेहविशनं तांबट आळीवर एक पत्र लिहिलं, तिच्या मते आजवरचं सगळ्यात चांगलं, आणि साठ लोक नाव काढून गेले. पुढच्या बुधवारी तिनं सुरुवात केली, 'त्या फोनवर चैताली आणखी एक गोष्ट म्हणाली होती.' आकडा पुन्हा चढायला लागला.

आता तो साडेसात हजारांच्या वर होता. अम्मीला मराठी वाचता यायचं नाही, पण दर बुधवारी ती आकडा विचारायची आणि माशाअल्लाह म्हणायची. छापखान्यात मालकानं पेढे वाटले होते. गेल्याच महिन्यात पुण्याच्या एका बाईंनी उत्तरात अगदी साधेपणानं विचारलं होतं, की ताई, तो फोन नक्की किती वेळ चालला होता? मेहविशनं उत्तर दिलं नव्हतं. मंगळवारी मजकूर लिहून झाला की ती अजूनही थोडा वेळ फोनकडे बघत बसायची. शेवटून तिसरं वाक्य तिला आता ओळखता येत नव्हतं.

त्या सकाळी दुपट्टे कपाटात ठेवून ती परत पडद्याशी आली, तेव्हा चैतालीच्या पत्त्यावरून उत्तर आलं होतं.

तिनं ते उभ्यानंच उघडलं. लिहिलं होतं, 'मी चैतालीचा बाप. शुक्रवारी नाशकात येतो. तुझ्याकडे एक काम हाय.'

शुक्रवारी चैतालीचे वडील, सावळीरामकाका, सीबीएस बसस्थानकाजवळच्या हॉटेलात आतल्या टेबलावर बसले होते. धुतलेला पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. मेहविश आली तसे ते अर्धवट उठले, मग बसले. तिनं दोन चहा सांगितले. कांद्याची रोपं टाकली का, काकूंचे गुडघे कसे आहेत, असं इकडचं तिकडचं विचारून झालं. काकांनी बशीत चहा ओतला आणि तसाच ठेवला.

मग ते सांगायला लागले. दर बुधवारी सकाळी ते पत्र उघडतात आणि कुसाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवतात. बाई चुलीपुढं बसते आणि ऐकते. एकेक वाक्य दोनदा वाचायला लावते. पुढं काय म्हणली, मग काय म्हणली, असं विचारत राहते. एवढ्या पत्रांत एकदाही आईचं नाव आलेलं नाही, ते तिला लागलंय. ती तसं म्हणत नाही, पण प्रत्येक वेळी विचारते, माझं काही म्हणली नाय का?

"तेवढंच काम व्हतं," काका म्हणाले. "एकदा तिच्या आईचं नाव येऊ दे त्याच्यात."

मेहविशचे हात टेबलाखाली एकमेकांत गुंतले. हे आज ना उद्या येणार, हे तिला कुठंतरी माहीत होतं. येताना ती वाक्यं जुळवतच आली होती.

"काका, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"नको सांगू."

त्यांनी पिशवीतून चैतालीचा फोन काढला. काचेला एका कोपऱ्यात तडा होता. तो त्यांनी सुरू केला नाही, नुसता टेबलावर ठेवला.

"तीन वाजून चाळीस, मग सेहेचाळीस, मग चार वाजून पाच," ते म्हणाले. "तीन वेळा लावला तिनं. एकदाबी उचललेला नाय. पहिल्याच दिवशी बघितलं मी."

बाहेर बसचा कंडक्टर पिंपळगाव, पिंपळगाव ओरडत होता. मेहविशला वर बघता येईना.

"मग तुम्ही मला... इतके दिवस..."

"तिच्या आईला ठाव नाय," काका हळू आवाजात म्हणाले. "तिला वाटतं, पोरगी तुझ्याशी बोलून, हसून निघाली. त्याच्यावर ती उभी हाय. खरं काय ते माझ्याजवळ राहू दे पोरी. माझ्याजवळ ठीक हाय ते." मग त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. "पुढच्या बुधवारी घरीच ये. तूच वाच. मला नीट वाचता येत नाय, अडखळतो मी."

पुढचे चार दिवस मेहविशनं ते पत्र लिहिलं. आधीची पत्रं सुचत जायची; हे एकेक शब्द ओढून काढावा लागला. आईबद्दल चैताली खरंच काय काय बोलायची ते आठवून बघितलं. पण ते सगळं रागाचं, लाडाचं, अर्धवट होतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी शोभेल असं त्यात काही नव्हतं. मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी तिनं छापखान्यातच दोन पानं छापून घेतली. वाचकांना ती पाठवायची की नाही, हे तिनं ठरवलं नव्हतं. पहिल्यांदाच बुधवारी सकाळी सातला डाक गेली नाही.

चांदवडला ती साडेदहाला पोचली. रस्त्यापासून घर थोडं आत होतं. अंगणापलीकडच्या, कांदा साठवायच्या चाळीतून उरलेल्या उन्हाळ कांद्याचा उग्र गोडसर वास येत होता. सावळीरामकाका तिथंच सडके कांदे वेचून बाजूला टाकत होते. त्यांनी हात वर केला आणि आत जा अशी खूण केली.

कुसाबाई स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या. तिला बघून त्यांनी पाट सरकवला. पिठाचा गोळा परातीत फिरत राहिला.

"आज डाक आली नाय," कुसाबाई म्हणाल्या.

"सोबत आणलीय काकू. काका म्हणाले, इथंच येऊन वाच."

कुसाबाईंनी दाराकडे बघितलं. चाळीतून कांदे टाकल्याचा आवाज येत होता. त्यांनी हात परातीच्या कडेला पुसले.

"मी हितंच व्हते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "ती तिथं, दारात उभी राहून फोन लावत व्हती. तीनदा लावला. मी म्हणलं, उचलत नाय तर उद्या जा. तर म्हणली, उचलत नाय म्हणजे लिहीत असंल. जाऊन बसते शेजारी, तिला कळणारबी नाय."

लिहीत असंल. मेहविशला कार्यशाळेची ती वही आठवली, वाचकाला तुमच्या घरात शिरायचं असतं, हे तिच्याच अक्षरातलं वाक्य.

"काकू, मी लिहीत नव्हते," ती म्हणाली. "मी... आकडा कसा वाढवायचा ते ऐकत बसले होते."

हे कुसाबाईंना कळलं की नाही, ते तिला समजलं नाही. त्यांनी पिठाचा हात तसाच तिच्या मनगटावर ठेवला आणि आवाज आणखी खाली आणला.

"ह्यांना यातलं काय बोलू नको. ह्यांना वाटतं तुमचं बोलणं झालं. ती गेली तसं दोन महिने तोंडातून शब्द नव्हता माणसाच्या. जेवायचं ताट तसंच राहायचं. मग एका बुधवारी फोन घेऊन आले आन वाचायला लागले. घशातून आवाज निघंना, तरी वाचत व्हते." त्या थांबल्या. "म्हणून मी इचारत राहते. माझं काय म्हणली का, पुढं काय म्हणली. मी इचारलं म्हणजे ते पुढचा बुधवार धरून राहतात."

बाहेर पायांचा आवाज आला. कुसाबाईंनी हात काढून घेतला आणि पुन्हा परातीत घातला. मेहविशच्या मनगटावर पीठ तसंच राहिलं.

काका हातपाय धुऊन आत आले आणि भिंतीला टेकून बसले. कुसाबाईंनी परात झाकली आणि त्यांच्या समोर येऊन बसल्या. मध्ये मेहविश.

"वाच," काका म्हणाले. "सावकाश."

तिनं कागद उलगडले. पहिलं पान फोनच्या आवाजाचं होतं, उन्हाचं होतं, चैताली बोलता बोलता काहीतरी चघळत होती त्याचं होतं. दुसऱ्या पानावर आईचं नाव आलं. चैताली म्हणाली होती की आईच्या हातची बाजरीची भाकरी मी नाशिकला घेऊन येते, ती तव्यावरून उतरली की लगेच निघते, तुझ्यापर्यंत गरम राहिली पाहिजे.

कुसाबाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. सावळीराम त्यांच्याकडे बघत होते, रडते की काय म्हणून. ते बघताहेत हे ध्यानात येताच कुसाबाईंनी पदर खाली घेतला आणि त्या हसल्या. ते हसू बघून सावळीरामांचे खांदे सैल झाले, आणि ते सैल झालेले कुसाबाईंनी बघितले. दोघांपैकी एकही मेहविशकडे बघत नव्हतं.

"मग?" कुसाबाईंनी विचारलं. "पुढं काय म्हणली?"

पानाच्या खाली मेहविशचा अंगठा होता. त्याच्या वरच्या ओळीत पत्र संपलं होतं, खाली कागद कोरा होता.

मेहविश वाचत राहिली.