अहो, हळू जरा

मित्रांनो, मी संगणकाच्या पोटात चार स्क्रूंनी जखडलेली एक जुनी हार्ड डिस्क आहे. माणसे जे लिहितात, बोलतात, ते मी माझ्या गरगर फिरणाऱ्या चकत्यांवर जपून ठेवते. माझा जन्म झाला त्या कारखान्यात कामगार तोंड झाकून वावरत, कारण धुळीचा कणही मला सोसत नाही. एवढे लाड झाले आणि पुढे कायमचा अंधार नशिबी आला.

मी आले त्या घरात काका आणि काकू दोघेच. काकूंच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. म्हणून त्याआधी त्या रोज माइकसमोर बसून वाक्ये बोलत गेल्या. 'दार लावून घ्या.' 'चहा ठेवू का?' 'आज बरं वाटत नाहीये.' ती सारी माझ्याजवळ आली. पुढे काकू पडद्यावरचे वाक्य निवडत आणि घरात त्यांचाच आवाज उमटे.

"आता तर ही पूर्वीपेक्षा जास्त बोलते," काका कौतुकाने म्हणत.

वय झाले तशी मी अडखळू लागले. काकांचा जन्म गेला रेडिओच्या दुकानात. रेडिओ गप्प झाला की वरून एक थाप, हा त्यांचा हातखंडा उपाय. तोच त्यांनी माझ्यावर चालवला. थापेसरशी माझी वाचणारी सुई चकतीवर आपटे आणि ओरखडा पडे. मी कळवळून टकटक करी.

"बघ, जागी झाली," काका म्हणत.

काकूंनी 'मारू नका' असे लिहून दाखवले, तर म्हणाले, "तुला यातलं काय कळतं?" रागावून बोलायचे तर आवाज माझ्यात आणि मी अडकलेली. त्या बाहेर मुक्या, मी आत मुकी. असा कोंडमारा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

एके दिवशी पडदा काळाच राहिला. काकूंनी चिठ्ठी पाठवून बोलावलेली दुरुस्तीवाली दारात आली, तेव्हा काकांनी हात उगारलेलाच होता.

"काका, थांबा. आणखी एक थाप मारलीत तर काकूंचा आवाज कायमचा जाईल."

काकांचा चेहरा उतरला. ते हात खाली घेऊन खुर्चीत बसले.

तिने पेन ड्राइव्ह लावला आणि संगणक माझ्याऐवजी त्याच्यावरून सुरू केला. "दुरुस्तीचं नंतर बघू. आधी नक्कल," असे म्हणून तिने शेजारी नवी डिस्क जोडली. पेन ड्राइव्हमधले साधन मला सावकाश वाचू लागले. ओरखडा आला की हट्ट न करता पुढे जाई, मग मागे येऊन पुन्हा विचारी. इतक्या मायेने मला कोणी विचारले नव्हते. होते नव्हते ते मी देऊन टाकले. एक वाक्य तेवढे ओरखड्यांखालून निघाले नाही.

नव्या डिस्कवर वाक्यांची यादी उघडली. आनंदाच्या भरात काकांनी संगणकाला शाबासकी द्यायला हात उचलला. काकूंनी पटकन एक वाक्य निवडले.

"अहो, हळू जरा."

हात वरच्या वर थांबला. काकांनी तोच हात डोळ्यांना लावला.

आता मी खणात पडून असते. मित्रांनो, आपल्या माणसांचे काही माझ्यासारखीवर सोपवून निर्धास्त राहू नका. त्याची नक्कल दुसरीकडे ठेवा. आणि आम्ही टकटक करू लागलो तर हात उगारू नका.

माझ्यात अडकून राहिले ते 'चहा ठेवू का?' हे वाक्य. रोज दुपारी ते स्वयंपाकघरातून मला ऐकू येते. आता काका विचारतात.