ममच्या गळ्यातला त्रिकोण

शनिवारी दुपारी ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर 'बोल' नावाचे जड चेंडू घरंगळवतात त्या क्लबात, पांढऱ्या कपड्यांतली साठेक माणसं श्वास रोखून बाजूला पसरलेल्या एका हाताकडे बघत होती. हात माझ्या ममचा, आईचा; तो दाबणारा, ट्रेमबाथ नावाचा भोंदू. आधी तो विकत असलेल्या चुंबकाच्या लोलकाशिवाय दाबला, मम कलंडली. गळ्यात लोलक घालून दाबला, मम ताठ!

"त्रिकोणी नॅनोचुंबक, मंडळी! गोल चुंबकाच्या लहरी जागीच गोल फिरतात. त्रिकोणाच्या टोकातून थेट रक्तात शिरतात! मग गोळ्या हव्यात कशाला?"

टाळ्या पडल्या. मला किळस आली. असले चुंबक मी रोज प्रयोगशाळेत घडवते. आणि ममनं रक्त पातळ ठेवायची गोळी तीन दिवसांपासून सोडलीय, हे मला सकाळीच कळलं होतं. तिच्या हृदयाचे ठोके चुकतात. एक गुठळी मेंदूत गेली, की संपलं.

कडेवरची तान्ही लेक मी ममच्या मैत्रिणीकडे, बेरिलकडे दिली, चहाच्या टेबलावरून एक लॅमिंग्टन उचलला नि पुढे झाले.

"मम, लोलक काढ. हा लॅमिंग्टन खिशात ठेव."

"डोकं फिरलं का गं? केक आहे तो! खिसा बरबटेल."

"धुऊन देईन."

मी हात दाबला. मम हलली नाही. केक काढून दाबला. कलंडली! हशा पिकला.

"हात बाहेर ओढत दाबला की तोल जातो, अंगाकडे दाबला की जात नाही. हा बाबा तेच करतोय."

"पण आकाराचं तरी खरं ना?" बेरिलनं विचारलं.

"ते खरं. मम, हिरवळीवर तुझा बोल वळतो कशानं?"

"घडणीनं. दोन्ही बाजू सारख्या नसतात. शेंबडं पोरही सांगेल."

"चुंबकाचंही तसंच. आकार बदलला की आतली लहर कुठं साचते, किती वेगानं थरथरते, ते बदलतं. पण धातू संपला की लहर संपली. केसाच्या जाडीइतकीही बाहेर येत नाही. बोलचं वळण कधी तुझ्या गुडघ्यात शिरलंय?"

"विज्ञानाला सगळंच कळत नाही, बाईसाहेब," ट्रेमबाथ गोड हसला.

"मग स्वतःचे डोळे बांधा. लोलक कुणाच्या गळ्यात आहे ते न बघता दहा जणांचे हात दाबा."

तो विकायला आणलेले लोलक गोळा करून पेटीत भरू लागला.

ममचे डोळे भरले होते. "फोन दे," ती पुटपुटली. "डॉक्टरांना सांगते, मी गाढवपणा केला."

चमत्कार दाखवणाऱ्याला आधी डोळे बांधायला सांगा. तो कां कू करू लागला, तर आपलं माणूस त्याच्या हाती देऊ नका.