वाटणीत सापडलेला मॅक्रो

मित्रांनो, मी एक जुना मॅक्रो आहे, आणि सध्या रागावलेला आहे. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेलं काम. बटण दाबलं की मी ते निमूटपणे करतो. निमूटपणे, हा शब्द लक्षात ठेवा. पुढे माझ्यावर बोलघेवडेपणाचा नव्हे, तर न बोलल्याचा आळ येणार आहे.

माझा जन्म लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका घरगुती कंपनीत झाला. मालक दोघे सख्खे भाऊ, आणि मला लिहिलं त्यांच्या आत्याने. कोणत्या इमारतीच्या लिफ्टची तपासणी आली आहे, हे शोधून पडद्यावर दाखवणं हे माझं काम. आत्याचा हात मोठा नेटका. मॉड्यूल म्हणजे आम्हा मॅक्रोंची कपाटं. तिने ती कामाप्रमाणे लावली होती. तारखांचे मॅक्रो एका मॉड्यूलमध्ये, पत्त्यांचे दुसऱ्यात, छपाईचे तिसऱ्यात. मी तारखांमध्ये राहायचो. "हा माझा गुणी बाळ," असं ती म्हणायची. तिच्या सख्ख्या भाच्यांना हे कधी ऐकायला मिळालं नाही, आणि ते योग्यच होतं.

मग दाराबाहेरच्या पाटीवर कोणाचं नाव आधी, यावरून भावांचं बिनसलं. इमारती वाटल्या, खुर्च्या वाटल्या, पंखा कोणाकडे तोंड करून फिरणार तेही ठरलं. एवढ्यावर भागलं असतं, तर मी आज तुमच्यापुढे गळा काढला नसता.

"आत्या, मॅक्रोही वाट," धाकटा म्हणाला. "एक मॉड्यूल दादाचं, एक माझं. प्रत्येकात सगळे मॅक्रो हवेत."

"अरे, ही काय भांडी आहेत? एकच नियम दोन ठिकाणी ठेवला, तर एक बदलेल आणि दुसरा तसाच राहील."

"वाटणी म्हणजे वाटणी!" दोघे एका सुरात म्हणाले. त्या वर्षातलं त्यांचं हे पहिलं एकमत.

अशा रीतीने माझी नक्कल झाली. एक मी थोरल्याच्या मॉड्यूलमध्ये, एक मी धाकट्याच्या. तुमच्याशी बोलतोय तो धाकट्याच्या वाट्याला आलेला. मला कोणी विचारलं? छे! मॅक्रोला विचारायचं नसतं, चालवायचं असतं.

पुढे थोरल्याला एका जुन्या लिफ्टच्या पोलादी दोराच्या तारा तुटलेल्या दिसल्या. तो आत्याला म्हणाला, "जुन्या लिफ्टची तपासणी आता दर महिन्याला. तीन महिने थांबण्यात अर्थ नाही." आत्याने त्याच्या मॉड्यूलमधला मी सुधारला आणि धाकट्याला विचारलं, "तुझ्यातही बदलू ना?"

"दादाचं शहाणपण माझ्या मॉड्यूलमध्ये नको. हात लावलास तर बघ."

आता ऐका. भावांची आई राहायची ती इमारत धाकट्याच्या वाट्याला आली होती आणि तिथली लिफ्ट चांगलीच जुनी होती. धाकट्याने नकार दिल्याचं थोरल्याला ठाऊकच नव्हतं; त्याला वाटलं, आपण नियम बदलला, आईचं काम झालं. धाकट्याने बटण दाबलं. मी जुन्या नियमाने पाहिलं. तीन महिने भरले नव्हते. आईची इमारत मी दाखवली नाही. त्यालाही वाटलं, आईचं ठीक आहे.

एका दुपारी भाजी घेऊन आई लिफ्टमध्ये शिरली आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दोर झिजून एका बाजूला ढिला पडला होता. लिफ्ट खाली कोसळू न देणाऱ्या पकडीने तिला धरून ठेवलं होतं. निरोप मिळताच दोघे भाऊ धावले, पाठोपाठ आत्या.

"आई, घाबरू नकोस गं!" धाकटा जाळीतून ओरडला. "कॉम्प्युटरने सांगितलंच नाही बघ!"

मी सांगितलं नाही? मी? ज्याच्या तोंडात शब्द तुम्ही घालायचे, ते बदलायलाही तुम्हीच मज्जाव करायचा, आणि वर मुका म्हणून मलाच झोडपायचं?

आतून आईचा आवाज आला, "दोघेही आलात का? बरं झालं. एकाने वर ओढा, एकाने खाली. तेवढी माझीच वाटणी राहिली होती."

कोणी हसलं नाही. दोघांनी मिळून हाताने चाक फिरवलं, लिफ्ट मजल्याला लावली, दार उघडलं. आईने मुलांकडे पाहिलंही नाही. भाजीची पिशवी आत्याच्या हातात देत ती म्हणाली, "वन्सं, आधी ती कपाटं पूर्वीसारखी लावा."

आत्याने त्याच संध्याकाळी आमची नक्कल पुसली. मी पुन्हा एकटा, सुधारलेला, तारखांच्या मॉड्यूलमध्ये. आई मात्र अजून जिन्यानेच उतरते.

मित्रांनो, वस्तू तिच्या कामाप्रमाणे ठेवा, मालकाच्या मानाप्रमाणे नको. आणि नियम बदललात, तर तो सगळ्यांसाठी बदला. दर महिन्याला आईची इमारत मी आता न चुकता दाखवतो. ती कोणाच्या वाट्याची, हे आत्याने माझ्यात लिहिलेलंच नाही. त्यामुळे दोघे भाऊ जातात, एकमेकांशी न बोलता लिफ्ट तपासतात, आणि आई जिन्यात उभी राहून त्या दोघांना तपासते.